टमरेल

धर्मेशच्या नव्या मोटरबोटीच्या पूजेला कमलाकांत सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बोट कसली, टमरेल हाय ते!" तेव्हापासून दोघांची बोलाचाली बंद. तरी दर रविवारी अंकुशला घेऊन तिघे मित्र आपापल्या छोट्या बोटींतून वैतरणेच्या खाडीत फिरायला जायचेच. पन्नाशीतले घोडे, एकमेकांशिवाय करमत नव्हतं आणि माफी मागायला जीभ झडत होती.

त्या रविवारी अंकुश पार पुढे पुलाकडे गेला आणि इकडे भर खाडीत कमलाकांतचं इंजिन बंद पडलं. पाण्यात दोर मागितला तर वैऱ्यालाही नाही म्हणायचं नाही, हे दोघांच्याही बापांनी शिकवलेलं. कमलाकांतने मुकाट्याने दोर फेकला, धर्मेशने मुकाट्याने बांधला आणि टमरेल कमलाकांतच्या बोटीला ओढत निघालं.

"दम हाय रं तुज्या टमरेलात," अर्ध्या वाटेत मागून आवाज आला.

"गप बस, नायतर दोर सोडीन!" धर्मेश ओरडला, पण त्याला हसू आवरेना. मग धक्का येईपर्यंत दोघांच्या तोंडाला खळ नव्हता.

धक्क्यावर कमलाकांत चहा सांगायला गेला, तेव्हा धर्मेशने त्याचं इंजिन तपासलं. इंजिन ठणठणीत होतं. पेट्रोलचा कॉक तेवढा बंद केलेला होता.

धर्मेशने कॉकला हातही लावला नाही. तिथूनच हाक मारली, "कमल्या, बिघाड लय मोठा हाय रं! पुढच्या रविवारी पन मलाच ओढायला लागंल."