रविवारची हिरवी कँडल

गोड बोलणाऱ्या माणसावर हिंदुरावचा भरवसा बसायचा नाही. भूपेश सर तर साखरेत घोळलेले. कॅम्प तीन या वस्तीत एका जीन्स कारखान्याच्या वर त्यांचा शेअर बाजाराचा क्लास. “हिरवी कँडल म्हणजे भाव चढला, लाल म्हणजे पडला,” सर मोबाईलवरचा भावाचा आलेख दाखवून म्हणाले. “बघा काका, लाईव्ह चढतोय. आपल्या ॲपमध्ये आजच पैसे टाका.” “मी टाकले,” शेजारी बसलेला महेश बोलला. मनात पाल चुकचुकत होती, तरी हिंदुराव बायकोच्या पाटल्या गहाण ठेवायला बँकेत गेला. बँक बंद. “संडे आहे, काका,” वॉचमन हसला. हिंदुराव अंबरनाथच्या कंपनीत रात्रपाळीला, सुट्टी शुक्रवारची, रविवार कोणाच्या लक्षात राहतो? पाटल्या घेऊन तो परत क्लासात आला. “सर, रविवारी बाजार कोण उघडतो?” महेश ताडकन उठला. “माझे पैसे काढा.” “उद्या काढू,” सर गोड हसले. “आज रविवार ना.”