थरथरणारी जेली

संध्याकाळच्या पार्टीसाठी मावशीनं आणि भाचीनं व्होडका घातलेली जेली इवल्याशा प्याल्यांत ओतून फ्रिजमध्ये घट्ट केली होती. भाचीनं ट्रे टेबलावर ठेवून हात काढला, तरी जेली थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली. “व्होडका जास्त झाली. तुझा हात म्हणजे सढळच!” मावशी म्हणाली. आतल्या खोलीतून भाचीच्या पाच वर्षांच्या लेकीचा आवाज आला, “टाक पाऊल. घाबरू नकोस. एक...” जेली थरथरली. “दोन...” पुन्हा थरथरली. “बाहुलीला चालायला शिकवतेय,” मावशी हसली. भाची हसली नाही. बाहुली समोरच सोफ्यावर पडली होती. “चिमे, आत कोण आहे गं?” “थांब ना आई, शिकतोय तो!” इतक्यात आतून लेक म्हणाली, “शाब्बास! आता माझं बोट सोड. एकटा आईकडे जा.” दार उघडलं. दारात कुणीच नव्हतं. जेली मात्र थरथरली.