वाळ्याचं पाणी

लाइन गेली, कूलर थांबला, आणि त्या शांततेत मोरीतला नळ खोकला. आधी हवा आली, मग पाणी, मग पाण्याबरोबर एक ओलं करडं पीस. अपूर्वानं ते बोटावर घेतलं. वास आला.

ती गच्चीवर गेली. दुपारचे दोन. "तुमचं अकोलं भट्टी, आमचं वाशीम थंडगार" म्हणून पाहुण्यांना चिडवायचे दिवस यंदा संपले होते. आठवडा झाला, पारा पंचेचाळिसाच्या खाली यायला तयार नव्हता. चपलेतूनही तळवे भाजत होते. टाकीचं झाकण हातभर सरकवलेलं होतं. आत दोन पारवे तरंगत होते, फुगलेले. एकाचं पोट फाटलं होतं, आणि पाण्यावर तेलकट तवंग होता.

ती तिथंच कोपऱ्यात ओकली.

"झाकण मीनंच सरकवलं व," खाली सासूबाई, हीराबाई, पदर तोंडाशी धरून म्हणाल्या. "सोमवारी. पाखरं तडफडून राह्यली होती. म्हटलं, पेतीन बिचारी दोन थेंब."

आज गुरुवार होता.

घरात प्यायला जारचं पाणी यायचं. टाकीचं पाणी भांड्यांना, आंघोळीला, आणि खाली दुकानापुढच्या पाणपोईला. पाणपोईचे तिन्ही माठ रोज सकाळी अपूर्वाच भरायची. दुहेरी फडक्यातून गाळून, प्रत्येकात वाळ्याची जुडी टाकून. वाळा असा घमघमायचा की दुसरा कुठला वास यायला जागाच उरत नव्हती. लोक पिऊन म्हणायचे, वा!

ती दुकानात आली. सासरे, चांदमल, गादीवर बसून टरबुजाच्या फोडी खात होते. तिनं हळूच सांगितलं.

"हळू बोल," ते म्हणाले, जरी ती हळूच बोलली होती. मग बाहेर बघितलं. किन्हीराजा गावाच्या बससाठी थांबलेली माणसं दुकानाच्या सावलीत दाटीवाटीनं उभी होती. "टँकर सहा वाजता येते. तवरक राहू दे."

"पप्पाजी, लोक पिऊन राह्यले."

"बंद केली तं विचारतीन, काहून बंद केली. पाणपोईच्या बोर्डावर माह्या बाचं नाव हाय." त्यांनी एक बी जिभेनं बाहेर काढून बोटावर घेतली. "अन् गाळूनच भरलं ना तू? मंग? खेड्यातले लोक हायेत हे, त्यायले नाल्याचंबी पचते. आपल्यासारखे नाजूक थोडीच." मग स्वतःचा जारच्या पाण्याचा ग्लास त्यांनी मायेनं तिच्याकडे सरकवला. "घे, तू पे आधी. पाय बरं, तोंड कसं उतरलं तुह्यं."

ग्लासवर त्यांच्या ओठांचा लाल, चिकट ठसा होता. तिनं तो तसाच ठेवला.

बाहेर टीना स्टुलावर उभी होती. शाळेला सुट्टी लागली तसं सात वर्षांच्या पोरीनं पाणी वाटायचं काम हट्टानं मागून घेतलं होतं. हातात लांब दांड्याचं ओगराळं, केस घामानं कपाळाला चिकटलेले. एक म्हातारा ओंजळ धरून वाकला होता.

"मम्मी, आज मी एकटीनं दीड माठ संपवला!"

अपूर्वानं म्हाताऱ्याचे हात बाजूला केले आणि माठ कलता केला. मग दुसरा. तिसरा तिच्या हातून निसटून फुटला. तापल्या डांबरावर पाणी पसरलं आणि बघता बघता वाळलं.

"अवो बाई, पागल झाल्या काय? तोंडचं पाणी सांडून राह्यल्या!" म्हातारा ओरडला.

"शेठलोकायचं काय हाय बाप्पा," मागून एक बाई म्हणाली, "पाजलं तं पुण्य, सांडलं तं मर्जी."

चांदमल हात जोडत पायरीवर आले. "माफ करा हो, माफ करा. सूनबाईले ऊन लागलं."

गर्दीचा राग लगेच निवळला. तीच बाई सावलीत सरकून म्हणाली, "या व माय, बसा इथं." कुणीतरी पदरानं वारा घालू लागलं.

अपूर्वा बसली नाही.

"मले ऊन नाही लागलं," ती म्हणाली. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "टाकीत पारवे मेले होते. सोमवारपासून. तेच पाणी भरत होतो आम्ही."

पदराचा वारा थांबला. म्हातारा खाली बसला आणि घशात बोट घालू लागला. चांदमल आत गेले. शटर अर्धं खाली आल्याचा आवाज झाला.

अपूर्वानं टीनाला स्टुलावरून उतरवून कडेवर घेतलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. पोर विचार करत होती. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन तिनं हळूच विचारलं,

"मम्मी, काल एका आजीनं माह्या हातानं चार गिलास पेले. बाटलीबी भरून नेली, म्हणे नातीले पाजतो. ती कोण्या गावची होती?"