चार निळे पासपोर्ट

ग्लासगोच्या विमानतळावर चेक-इन काउंटरवरच्या बाईने तीन पासपोर्ट मशीनवर टेकवले आणि परत दिले. चौथा मात्र तिने उघडला, पानं पुढे-मागे केली आणि विचारलं, "सर, तुमचा जर्मनीचा व्हिसा?"

विष्णूंनी मुलाकडे पाहिलं. नकुल फोनवर हायडेलबर्गच्या किल्ल्याची तिकिटं शोधत होता.

"व्हिसा कशाला?" मान वर न करता तो इंग्रजीत म्हणाला. "आम्ही सगळे ब्रिटिश आहोत."

बाईने पासपोर्ट त्याच्यासमोर धरला. गडद निळ्या कव्हरवर अशोकस्तंभ होता. नकुलने तो उलटा केला, सुलटा केला, मग स्वतःच्या पासपोर्टशेजारी धरून पाहिला.

"पण निळाच तर आहे!"

"निळाच आहे," विष्णू म्हणाले. "तुमचे ब्रिटिश पासपोर्ट लाल होते तेव्हाही हा निळाच होता."

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ही सहल म्हणे पंचाहत्तरीची भेट! जानेवारीत नकुलने व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त पासपोर्टचा नंबर मागितला, आणि तिकिटांच्या फॉर्ममध्ये चौघांच्याही नावापुढे एकच देश टाकून मोकळा झाला. व्हिसाचं काय, असं विष्णूंनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "बाबा, चिल. ऑल सॉर्टेड." मुलगा म्हणतोय म्हणजे केलं असेल, असं त्यांनी धरलं. विश्वास पानिपतच्या लढाईत गेला, हे पुण्याच्या माणसाला कोणी सांगावं लागतं का? पण मुलाच्या बाबतीत बाप गाफीलच राहतो.

पुण्यात जर्मनच्या क्लासला नववा धडा हायडेलबर्गचा होता. नेकार नदी, तिच्यावरचा जुना पूल, पुलाच्या टोकाचे दोन पांढरे बुरूज, वर डोंगरात लाल दगडाचा पडका किल्ला. त्यांना शिकायला तिथे जायचं होतं. ते जमलं नाही आणि ग्लासगोच्या हॉस्पिटलांत शेहेचाळीस वर्षं गेली. जी काही सुट्टी मिळाली ती भारतात. धडा अजून तोंडपाठ होता.

"सॉरी सर, विमानात नाही बसता येणार," बाई म्हणाली. तिच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता.

"बाबा, माझा चूक आहे, ओके?" नकुलचे कान लाल झाले होते. "आपण व्हिसा काढू. नेक्स्ट इयर जाऊ."

"पुढच्या वर्षी माझे गुडघे तो डोंगर चढतील का, तेही बघ तुझ्या फोनमध्ये."

"पण तुम्ही कधी सांगितलाच नाही!"

"काय सांगायचं?" विष्णूंचा आवाज चढला. मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. बघेनात का. "बेचाळीस वर्षांचा घोडा झालास. लहानपणी दरवर्षी मुंबईला उतरलो की तुम्ही सगळे एका रांगेत आणि मी दुसऱ्या रांगेत. तुला काय वाटायचं, मी तिकडे कशाला जातो?"

नकुलने फोन खिशात टाकला. "आय थॉट... तिकडची लाइन लवकर पुढे जाते."

विष्णूंना हसू येत होतं, पण ते हसले नाहीत.

सून पुढे झाली. "बाबा, आम्ही व्हिडिओ कॉल करू ना," तनू म्हणाली. "पूल, किल्ला, सगळं दाखवू तुम्हाला."

"मला काय दाखवतेस? त्या पुलाला कमानी किती, ते मला विचार!"

"मी थांबतो तुमच्याबरोबर," नकुल पुटपुटला.

"थांबून काय करशील? माझं तोंड बघत बसशील? जा. निदान तुम्ही तरी बघा."

नकुल आणि तनू बॅगा पट्ट्यावर टाकायला वळले. विष्णूंची बॅग तेवढी जमिनीवर राहिली. नात मायरा, सोळा वर्षांची, तिथेच उभी होती.

"आजोबा," तिने विचारलं, "तुम्ही पासपोर्ट चेंज का नाही केला?"

विष्णू तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत घरातल्या एकानेही त्यांना हे विचारलं नव्हतं. ते आपल्या बॅगेवर टेकले. सुरुवात कुठून करावी याचा ते विचार करू लागले.

मायराने वरच्या बोर्डाकडे पाहिलं. "पटकन सांगा ना, आजोबा. वी हॅव ट्वेंटी मिनिट्स."

"मग जा," विष्णू म्हणाले. "किल्ला दोन तासांत बघून होतो. हे नाही होत."