त्रास कोणाचा?

‘कशाचा’ हा शब्द खोडून चेतनाने तिथे ‘कोणाचा’ लिहिलं आणि कागद महावीरभाईंपुढे सरकवला.

कंपनीचा पहिलाच स्नेहमेळावा होता. मालक सुमेरमल शेठ सुरतला राहत आणि नवापूरच्या हॅचरीत, कोंबडीची पिल्लं उबवायच्या कारखान्यात, महिन्यातून एखाद्या वेळी डोकावत. वर्षभरात चाळीस माणसं काम सोडून गेली, तेव्हा त्यांना कोणीतरी सुचवलं की माणसांना एकत्र आणा, जेवू घाला, खेळवा, त्यांचं ऐका. म्हणून रविवारी सगळ्यांनी घरच्यांना घेऊन प्रकाशा गावी जायचं, तापीकाठच्या एका मळ्यात दिवस घालवायचा आणि शेवटी चिठ्ठ्यांची पेटी उघडायची असं ठरलं. चिठ्ठीवर प्रश्न एकच. कंपनीत तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कोणाचा होतो? स्वतःचं नाव कोणी घालायचं नाही. चिठ्ठ्या शेठ स्वतः सगळ्यांसमोर वाचणार.

मॅनेजर महावीरभाईंनी कागद दोनदा वाचला.

“‘कशाचा’ बरं होतं, चेतनाबेन.”

शेठना मोकळं बोलणं हवं आहे, असं चेतनाने सांगितलं. महावीरभाईंनी जरा विचार केला आणि सही करून टाकली.

या सहीसाठी चेतना सहा वर्षं थांबली होती.

तिचा नवरा कुंदन याच हॅचरीची पिल्लांची गाडी चालवायचा. गाडीतला पंखा बंद पडलाय, हे त्याने निघण्याआधी महावीरभाईंना सांगितलं होतं. तशीच ने, असं ते म्हणाले. मे महिना, गुजरातच्या सीमेवर ट्रकांची रांग. दोन तासांत तीन हजार पिल्लं मेली. शेठनी विचारलं तेव्हा महावीरभाईंनी सगळं कुंदनवर ढकललं. कुंदनची नोकरी गेली. आता तो सुरतेत दुसऱ्याची गाडी चालवायचा, दोन महिन्यांनी एकदा घरी यायचा आणि आला तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

चेतना तेव्हा ऑफिसात कारकून होती. तिने नोकरी सोडली नाही. हसतमुख राहिली, वर चढली, एचआर झाली. महावीरभाईंचा एकेक नियम तिने जसाच्या तसा लावला. पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस गेला. आधी अर्ज नसेल तर रजा नाही. सूट देण्याचा अधिकार एचआरला होता, पण तो तिने कधी वापरला नाही. बायका रडकुंडीला येत तेव्हा ती हळूच म्हणे, माझ्या हातात काय आहे, साहेबांचा नियम आहे. साहेबांबद्दलचा राग असाच वाढत जावा, एवढंच तिला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यात दगूबाईची सून अडली. दगूबाई पिल्लं निवडायच्या टेबलावरची सगळ्यांत जुनी बाई. ती धावत ऑफिसात आली. चेतनाने तिला नियम वाचून दाखवला. दगूबाई संध्याकाळी घरी पोचली तोवर उशीर झाला होता. मूल गेलं. त्या रात्री चेतनाला जेवण गेलं नाही, पण हे पाप महावीरभाईंना फेडावं लागेल, असं तिने स्वतःला बजावलं.

मेळाव्याच्या आठवड्यात ती टेबलाटेबलावर फिरली. घाबरू नका, खरं तेच लिहा, असं प्रत्येकीला सांगितलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्या दगूबाईची सून लिहून देणार होती. रविवारी बसमध्ये दगूबाई मुद्दाम तिच्याशेजारी येऊन बसली.

“ताई, बठ्ठासनी एकच नाव लिखेल शे.”

सगळ्यांनी एकच नाव! चेतनाने तिचा हात दाबला.

मेळावा झकास झाला. महावीरभाईंनी कंबरेला पंचा बांधून पंगतीत वाढलं. रस्सीखेचीत ते चिखलात आपटले, तेव्हा सगळे पोट धरून हसले आणि तेही हसले. चेतना लांबून बघत होती. हसा, असं ती मनात म्हणाली, आणखी घटकाभर हसून घ्या.

चार वाजता सगळे मांडवात जमले. शेठनी पेटी उघडली, पहिली चिठ्ठी उलगडली आणि तोंडातल्या तोंडात वाचली. दुसरी वाचली. मग पाच-सहा एकदम उलगडून पाहिल्या आणि सगळ्या महावीरभाईंच्या हातात दिल्या. महावीरभाईंचा चेहरा पडला. ते शेठच्या कानाशी लागले, शेठनी मान हलवली. मग ते चेतनाजवळ आले.

“चेतनाबेन, हे इथे नको. ऑफिसात बघू. तुम्ही हो म्हणा, मी पेटी बंद करतो.”

त्यांनी खरंच हात जोडले होते. कुंदनने असेच हात जोडले होते, ऑफिसच्या दारात, सगळ्यांदेखत. चेतनाला वाटलं, हे बघायला आज तो इथे हवा होता.

ती उठली. त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या तिने काढून घेतल्या आणि माइकपाशी गेली.

“शेठनी शब्द दिलाय,” ती म्हणाली. “नाव कितीही मोठ्या माणसाचं असलं, तरी ते आज वाचलं जाईल.”

तिने महावीरभाईंकडे एकदा पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. वरची चिठ्ठी घेऊन ती मोठ्याने, स्पष्ट वाचू लागली.

“सर्वांत जास्त त्रास चेतना मॅडमचा.”

पहिली टाळी दगूबाईने वाजवली.