उरलेली भाषा

"चार वाजता मी तुला खायला येतो," व्हर्नन मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला.

"न्यायला," एल्विरानं गाडीतून उतरता उतरता सुधारलं. "खायला लांडगा येतो, म्हाताऱ्या."

"न्यायला," त्यानं घोकलं. "मी आत येऊ का?"

"नको. नवऱ्याचं बोट धरून आली म्हणतील."

ती दवाखान्याच्या फाटकातून आत गेली. उजवा पाय अजून जरा ओढत होता.

गेल्या वर्षी मिरच्या भाजायच्या दिवसांत तिला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण इंग्रजी गेली. बोलायचीही आणि समजायचीही. आईकडून मिळालेली स्पॅनिश तेवढी शाबूत राहिली. दोन भाषांच्या माणसांत असं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाले. परत येईलही, नाहीही.

आता घ्या! व्हर्ननला नेमकी स्पॅनिशच येत नव्हती. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या लास क्रूसेसमध्ये जन्म काढला, मेक्सिकन बायकोशी चाळीसेक वर्षं संसार केला, आणि स्पॅनिश म्हणाल तर चार पदार्थांची नावं. शिकायची गरजच काय पडली होती? दोघांत एक इंग्रजी होती, ती पुरायची. खरं तर तीही उरायची.

एल्विरा मानसतज्ज्ञ. आधी शाळांतून मुलांच्या चाचण्या घेतल्या, मग तुरुंगात कैद्यांशी बोलली, मग माजी सैनिकांच्या इस्पितळात गेली, शेवटी या दवाखान्यात. मध्ये काही वर्षं दर शनिवारी रेडिओवर लोकांच्या घरगुती अडचणी सोडवायची. दोन भाषा येतात म्हणून जिथे जाईल तिथे तिला हातोहात घ्यायचे. रेडिओवरचा तो कार्यक्रम सगळं गाव ऐकायचं. व्हर्नननं एकदाही ऐकला नाही. स्पॅनिशमधला, आपल्याला काय कळणार, म्हणून तेवढ्या वेळात तो गवत कापून घ्यायचा.

झटका यायच्या आदल्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली होती, "आपल्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही, व्हर्न."

"मीठ दे जरा," तो म्हणाला होता.

तिची इंग्रजी परत यावी, एवढंच तो देवाकडे मागत होता. तिच्या त्या वाक्याचं त्याला एकदा नीट उत्तर द्यायचं होतं.

आजारपणानंतर घर मुकं झालं. ती बोलायची, तो मान हलवायचा, आणि मान उगाच हलतेय हे दोघांनाही ठाऊक असायचं. तिची बहीण सीमेपलीकडच्या हुआरेझहून फोन करायची, ‘ये माझ्याकडे’ म्हणायची. त्यातला ‘ये’ मात्र त्याला बरोबर कळायचा. शेवटी तो वाचनालयातल्या स्पॅनिशच्या वर्गात जाऊन बसला. वरातीमागून घोडं, पण निघालं.

मग रोज संध्याकाळी पडवीत तो तिला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर कळेपर्यंत तिच्या ओठांकडे बघत बसायचा.

"तुझा आई कसली होती?"

"कसली काय? कशी म्हण."

मग ती सांगायची. अर्धं त्याच्या डोक्यावरून जायचं, तो पुन्हा विचारायचा, ती न कंटाळता पुन्हा सांगायची. तिचा एक भाऊ कालव्यात बुडून गेला होता, हे त्याला या वयात कळलं. तिनं पूर्वी सांगितलंही असेल.

वसंतात दवाखान्यानं तिला परत कामावर घेतलं. "स्पॅनिश बोलणाऱ्यांपुरतं," तिनं घरी सांगितलं. दिवसभर घर त्याला खायला उठायचं. संध्याकाळ व्हायची तो वाट बघत बसायचा.

आज ती चष्मा गाडीतच विसरली. तो घेऊन व्हर्नन आत गेला, पहिल्यांदाच.

टेबलाशी मारिसेल नावाची मुलगी बसली होती. तो पाठ केल्यासारखा म्हणाला, "मी एल्विराची नवरा. चष्मा आणली."

तिनं हसू दाबलं आणि इंग्रजीत म्हणाली, "बसा ना साहेब. बाईंकडे पेशंट आहे."

भिंतीपलीकडून आवाज येत होता. भरभर, मोकळा, कुठे अडखळणं नाही. आवाज एल्विराचा होता, पण ते ध्यानात यायला त्याला वेळ लागला, कारण ती इंग्रजी बोलत होती.

"घाई नाही," ती कुणाला तरी सांगत होती. "सुचेल तसं सांगा. मी ऐकतेय."

"हे... कधीपासून?" व्हर्नननं इंग्रजीत विचारलं.

"इंग्रजीवाले पेशंट ना? बाई परत आल्या तेव्हापासून. सकाळचे सगळे त्यांच्याकडेच असतात."

व्हर्नन चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत बसला. इतके महिने तिच्याकडे शब्द होते, त्याच्यापुरते नव्हते. त्याला रडू येत होतं.

"तुम्ही आलाय म्हणून आत सांगू का?"

तो उठला. चष्मा त्यानं परत खिशात घातला.

"नको, पोरी," तो एकेक शब्द जुळवत स्पॅनिशमध्ये म्हणाला. "मला कळलं असं तिला कळला, तर आमचा बोलणं परत बंद."