सोबतीची पाळी

बापाला आश्रमाच्या फाटकाजवळच्या बाकावर बसवून शिंप्याने त्याच्या सदऱ्याचे गळ्याचे बटण लावले. कॉलरच्या आत दुकानाच्या नावाची पट्टी असे. ती त्याने सकाळीच उसवून टाकली होती. खिसेही रिकामे केले होते.

"इथं कोण येणार आहे?" बापाने विचारले.

"येतील. तुम्ही बसा. उठायचं नाही."

"गिऱ्हाईक आहे का?"

"हो. मोठं गिऱ्हाईक आहे."

बाप खूश झाला आणि मांडीवर हात ठेवून वाट पाहू लागला.

ज्याला कोणी नाही त्यालाच आत जागा, हा आश्रमाचा नियम होता. शिंपी दर रविवारी प्रार्थनेनंतर येथे सेवेला येई, फाटक्या चादरी शिवून देई. नियम त्याला पाठ होता. मागल्या आठवड्यात बापाने नातीला बोट धरून बाहेर नेले आणि भर रस्त्यात तिचा हात सोडून दिला. कोणा अनोळखी बाईने ओढून घेतले म्हणून पोर वाचली. तेव्हापासून बायको मुलीच्या खोलीला आतून कडी लावून बसे. "आता घरात एक तर ते राहतील, नाहीतर आम्ही दोघी," एवढेच ती बोलली होती, तेही दाराआडून.

सिस्टर व्हरांड्यात औषधे वाटत होती.

"सिस्टर, बाहेर बाकावर एक म्हातारा बसलाय. त्याला कोणी नसावं असं दिसतं."

'एक म्हातारा' हे शब्द तोंडातून इतके सहज निघून गेले की तो स्वतःच दचकला.

"बघते," सिस्टर मान वर न करता म्हणाली. "तू आधी कोपऱ्यातल्या खोलीत जा. काल आणलेले बाबा आता घटकाभराचे सोबती आहेत. बस त्यांच्याजवळ."

"आज माझी पाळी नाही."

"मग तसं त्यांना जाऊन सांग. थांबतील बिचारे उद्यापर्यंत."

तो गेला. या घरात कोणी एकटे मरत नसे. कोणाची जुनी ओळखही येथे चालत नसे. न्यायाधीश असो की हमाल, फाटकातून आत आला की तो नुसता 'बाबा'.

खाटेवरचा म्हातारा अगदी चिपाड झाला होता. श्वास अडखळत येत होता, जसा एखादा थकलेला माणूस जिना चढतो. शिंपी स्टुलावर टेकला, तोच डोळे न उघडता म्हाताऱ्याने विचारले, "आलास, बाळा?"

म्हणजे यालाही मुलगा होता. यालाही कोणीतरी असेच सोडून, दुसऱ्याकडे पाहत, 'एक म्हातारा' म्हटले होते.

नाही म्हणणे त्याच्या जिवावर आले.

"आलो, बाबा."

"मग बोल."

एवढे म्हणून म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवले. रुसला असावा. त्याचा पातळ, पांढरट कान तेवढा शिंप्याच्या बाजूला राहिला. शिंप्याला वाटले, भ्रमिष्टापुढे लाज कसली? ऐकेल आणि विसरून जाईल, आपल्या बापासारखा.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"बापाला बाकावर ठेवून आलोय. बोचकं ठेवावं तसं."

"हं. आणखी काही?"

"कॉलरची पट्टी उसवली. तिच्यावर नाव त्यांचंच होतं. कापडाला न दुखवता उसवायचं कसं, तेही त्यांनीच शिकवलं होतं मला."

"आणखी?"

बाहेर कोणीतरी बादली भरत होते. पाणी काठाशी आले तसा आवाज बदलला, तरी नळ बंद झाला नाही.

"पोर वाचली असं कळलं ना," तो हळूच म्हणाला, "तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. ती वाचली म्हणून नाही. त्यांना बाहेर काढायला कारण मिळालं म्हणून."

म्हातारा इतका वेळ निश्चल राहिला की शिंपी घाबरून त्याच्यावर वाकला.

"तुझा बाप," म्हातारा एकेक शब्द ओढत म्हणाला, "त्याच्यावर देवाची खूण आहे. ती नाही उसवता यायची. जा, घेऊन ये त्याला. आणि एकट्यानं ओढू नकोस. लोकांना सांग, हे माझं माणूस आहे, हात लावा."

मग त्याचा हात चादरीतून वर आला, चाचपडत शिंप्याच्या डोक्यावर टेकला. ओठ हलत राहिले. शब्द कळत नव्हते. वातातली बडबड असावी. हळूहळू हात जड झाला आणि घसरून खाली पडला.

शिंपी बराच वेळ मान वाकवून तसाच बसून राहिला. मग उठला तो जवळजवळ धावतच बाहेर गेला.

सिस्टर बाकावर बसली होती आणि बाप विती-बोटांनी तिच्या बाहीचे माप घेत होता.

"हे माझे वडील आहेत," शिंपी म्हणाला.

"ते दिसतंच आहे. नाक तर तू यांचंच घेऊन फिरतोस."

"घरी नेतो त्यांना. पण सिस्टर, मला एकट्याला झेपत नाही."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? दिवसा इथे आणून बसव. संध्याकाळी न्यायला यायचं. न्यायला यायचं, कळलं?"

त्याने मान हलवली. तोंड पुसले.

"आतले बाबा गेले," तो म्हणाला. "शेवटपर्यंत मला मुलगा समजत होते. मीही नाही म्हणालो नाही. त्यांचा मुलगा कुठे असेल तर त्याला कळवायला हवं."

सिस्टरने छातीवर क्रुसाची खूण केली आणि खोलीच्या दिशेने पाहिले.

"मुलगा कुठून असणार? जन्मभर फादर होते ते. सकाळपासून एकच धोशा लावला होता त्यांनी, जाण्याआधी कुणाचं तरी पापनिवेदन ऐकायचंय म्हणून."